घाटावर सहाफुटी चालतो, म्हणून कोकणातही?

लांजा-संगमेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "ट्रॅक्टर पंचेचाळीसचा आहे ना, मग रोटाव्हेटर सहाफुटीच घे. पाचफुटी घेऊन ताकद फुकट का घालवायची?" सांगणारा कधी शोरूममधला विक्रेता असतो, कधी घाटावरचा पाहुणा, कधी गावी परतून नव्याने शेतीला लागलेला चाकरमानी. वाक्य इतकं सरळ वाटतं की ते तपासून पाहावं असं कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र ते ऐकून दर वेळी राग येतो. कर्ज काढून घेतलेली आणि दोन पावसाळ्यांनंतर मांगरात गंजत पडलेली अवजारं मी पाहिली आहेत.

आधी तो पंचेचाळीसचा आकडा पाहू. तो इंजिनाचा असतो, आणि रोटाव्हेटर चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर. गिअर, बेअरिंग, तेल यांत शक्ती खर्च होत होत तिथपर्यंत साधारण ८५ ते ९० टक्के पोचते, म्हणजे ३८ ते ४० एचपी. नांगराच्या बाबतीत गळती याहून मोठी, कारण तिथे चाक आणि माती यांच्यामध्येही शक्ती वाया जाते. हे पटत नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. ही संस्था १९५५ पासून काम करते आहे आणि आपल्याकडचे ट्रॅक्टर तिथे तपासले जातात. पीटीओवर प्रत्यक्ष किती शक्ती मिळाली, ते अहवालात छापलेलं असतं. रंगीत पत्रकावर मोठ्या अक्षरात असतो तो इंजिनाचा आकडा.

आता अवजारांचा तक्ता. बहुतेक कंपन्या पाचफुटी रोटाव्हेटरला ३५ ते ४५ आणि सहाफुटीला ४५ ते ५५ एचपी सांगतात. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर नेमका काठावर येतो, आणि सगळा घोळ या काठावरच होतो. विक्रेता बोट ठेवून दाखवतो, "बघा, तक्त्यात बसतंय." बसतं खरं, पण मध्यम, वाफशावरच्या जमिनीत. जांभ्याची लाल जमीन मे महिन्यात कशी असते, हे रत्नागिरीकराला सांगायला नको. या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिलं, ते लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. ओला असताना कापता येतो आणि उघड्यावर वाळला की कडक होतो, म्हणून तर आपण त्याचे चिरे काढतो. त्याच जातीची माती उन्हात तापून बसलेली असते, तिच्यात जांभ्याच्या गोट्या असतात, आणि त्यात काठावरचं अवजार घातलं की पाती बोथटतात, इंजिन दबतं, धूर काळा होतो. मग ड्रायव्हर निमूटपणे एक गिअर खाली येतो. हा खाली आलेला गिअर कुणी हिशेबात धरत नाही.

आपण धरू. तीन गुंठ्यांचं एक खाचर घ्या, २५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. सहाफुटीची रुंदी १.८ मीटर, पण तास, म्हणजे अवजाराची एक फेरी, थोडा आधीच्या तासावर घ्यावा लागतो, म्हणून कामाची १.७ धरू. पाचफुटीची तशीच १.४. सहाफुटीला ८ तास लागतील, पाचफुटीला ९. आठात आणि नवात फरक एका तासाचा! ताशी ३ किलोमीटर वेगाने एक तास अर्ध्या मिनिटात होतो. पाचफुटी या वेगाने चालला तर नऊ तासांना साडेचार मिनिटं लागतात. सहाफुटी ओढवेना म्हणून वेग २.२ वर आला तर आठ तासांना जवळजवळ साडेपाच. वळणं पाचफुटीला आठ, सहाफुटीला सात. प्रत्येक वळणाला २५ सेकंद धरून ती मिळवली तरी मोठं अवजार अर्ध्या मिनिटाने मागेच राहतं, वर डिझेल जास्त आणि पात्यांची झीज जास्त. घाटावर काळ्या रानात दोनशे मीटरचा सरळ तास मिळतो, वळणं क्वचित येतात, तिथे रुंदीचा फायदा खरोखर होतो. आपल्या खाचरात वेळ वळणात जातो आणि वळण रुंदीने कमी होत नाही. पाव्हणे, तुमचं गणित तुमच्या रानात बरोबर आहे, आमच्या बांधावर ते आणू नका.

म्हणून डोळे मिटून पाचफुटी घ्यावा, असंही मी म्हणणार नाही. या वादात चाकाची माग सगळे विसरतात. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला मागे बहुधा १३.६ इंची टायर असतात, म्हणजे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १.३५ मीटर ठेवलं, तर एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत १.७० मीटर भरतं. पाचफुटीची रुंदी दीड मीटर. वीस सेंटिमीटर माग न फोडलेली राहते, आणि भिजलेल्या मातीत ती चांगलीच दाबलेली असते. त्यावर उपाय दोन. चाकं जमतील तितकी आत घ्यायची, किंवा रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून जोडायचा, म्हणजे निदान त्या बाजूची माग पूर्ण फुटते, आणि दुसरी पुढच्या तासात येते. सरकवायची सोय असलेला सांगाडाच मागून घ्या. कोणाची जमीन मोकळी, भुसभुशीत, खाडीकाठच्या मळ्याची असेल आणि कामही वाफशावरच होत असेल, तर त्याने सहाफुटी घ्यायला माझी हरकत नाही.

खरेदीआधी आपल्याच जमिनीत अवजार चालवून पाहा, कुणी नको म्हणत असेल तर तिथून घेऊ नका. पीटीओ ५४० फेऱ्यांवर येईल असा हाताचा थ्रॉटल ठेवा, नेहमीच्या खोलीवर अवजार टाका आणि फेऱ्यांचा काटा पाहा. काटा थोडा उतरून स्थिर राहिला तर ठीक. उतरतच गेला तर अवजार मोठं आहे. नांगर घेणार असाल तर मागच्या टायरवर चुन्याची खूण करा. नांगर उचलून चाकाच्या पाच फेऱ्यांत ट्रॅक्टर किती गेला ते मोजा, मग नांगर जमिनीत टाकून पुन्हा मोजा. वीस मीटरचे सोळा झाले, तर पाचवा हिस्सा चाक नुसतं घसरतंय. कोरड्या जमिनीत १० ते १५ टक्के घसरण चालते, त्यापुढे टायर आणि डिझेल दोन्ही जळतात.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण तेही सुखाने झोपू देत नाहीत.

"लिफ्टने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला झेपलं." उचलणं आणि चालवणं ही वेगवेगळी कामं आहेत. लिफ्टची ताकद पत्रकात पुष्कळदा मागच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते, अवजाराचं वजन मात्र त्याच्या बरंच मागे पडतं. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहायला हवा. घाटीच्या चढावर पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर फिरत नाही. इथे चूक जिवावर बेतते.

"जितकं खोल, तितकं पीक." सड्यालगतच्या उथळ जमिनीत पलटी नांगराने खाली गेलात तर मुरूम वर येतो. भाताच्या खाचरात तळाचा घट्ट थर पाणी धरून ठेवतो, तो फोडलात तर चिखलणीचं पाणी पाझरून जातं.

"माती पिठासारखी झाली पाहिजे." वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात उतारावरचं पीठ पहिल्याच सरीला वहाळात जातं.

"बागेत रोटाव्हेटर फिरवला की कलमं सुधारतात." अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, पाती तीच कापतात. दहा बाय दहा मीटरवरच्या बागेत गवतच काढायचं असेल तर गवत कापायचं यंत्र घ्या.

"केज व्हील लावलं की कुठल्याही चिखलात ट्रॅक्टर चालतो." त्याने ट्रॅक्टर कमी रुततो, पण त्याचं दोन टनांचं वजन कुठे जात नाही. खोल खाचरात पॉवर टिलरच न्यावा. दोन-तीन गुंठ्यांच्या खाचरांसाठी आधी त्याचाच विचार करायला हवा होता, हे मी ट्रॅक्टर घेतलेल्यांनाही सांगतो.

"अनुदान आहे, मग मोठं घेतलेलं बरं." कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारकाला ५० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत. उरलेले पैसे, दर हंगामाची पाती आणि डिझेल तुमच्याच खिशातून जाणार.

आणि टेप घेऊन घराबाहेर पडा. रोटाव्हेटरला सहाफुटी म्हणतात ते त्याच्या कामाच्या रुंदीवरून. बाजूची पेटी आणि सांगाडा धरून बाहेरची रुंदी सहज साडेसहा फुटांवर जाते. पाणंदीत दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा मोजा, खाचरात उतरायची वाट मोजा, शेजाऱ्याच्या बांधावरून जावं लागत असेल तर तोही मोजा. हे आकडे कागदावर लिहून शोरूममध्ये न्या आणि तक्त्याशेजारी ठेवा.