नळी घालण्याआधी एक नजर पोटात

दीड वर्षाच्या बाळाला ताप आहे, पण सर्दी नाही, खोकलाही नाही. अशा वेळी डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. पण डायपरमधल्या बाळाला ‘आता शू कर’ म्हणून सांगणार कोण? चिकटवायच्या पिशवीत लघवी मिळते, मात्र त्वचेवरचे जंतू तिच्यात मिसळले की रिपोर्ट फसवा येतो. म्हणून मग बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून लघवी काढतात.

बाळ किंचाळतं, आई पाय धरून ठेवते, आणि नळीतून थेंबही येत नाही. कारण बाळाने नुकताच डायपर ओला केलेला असतो! थोड्या वेळाने पुन्हा तेच.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यावर एक साधा उपाय करून पाहिला. नळी घालण्याआधी बाळाच्या ओटीपोटावर सोनोग्राफी करायची. भरलेलं मूत्राशय पडद्यावर काळ्या गोळ्यासारखं दिसतं. ते रिकामं असेल तर बाळाला दूध-पाणी पाजायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. त्यांचा अभ्यास २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांत आधी ७२ टक्के वेळा नळीतून पुरेशी लघवी मिळत होती, ते प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, दुखतही नाही. जेल तेवढं गार लागतं.

मग हे मशीन प्रत्येक खाटेजवळ का नसतं? पैसा हे एक कारण. शिवाय गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे कोलकाता असो की कोल्हापूर, सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते कुठेही उचलून नेता येत नाही. कायदा हवाच, यात वाद नाही. पण त्याची झळ अशी तान्ह्यांनाही बसते.

तुम्ही काय करू शकता? शेवटचा डायपर कधी ओला झाला ते आठवणीने सांगा. ‘आधी सोनोग्राफीने बघता येईल का?’ असं विचारा. मात्र तपासणीच नको म्हणू नका; लघवीतला संसर्ग राहून गेला तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बाळ फार आजारी असेल तर डॉक्टर थांबणारही नाहीत, आणि ते योग्यच.

वेळ असेल तर आणखी एक युक्ती आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांच्या ओटीपोटावर गार सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज हलकेच फिरवून पाहिलं. पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी शू केली, नुसती वाट पाहिली तेव्हा १२ टक्क्यांनी. खाली निर्जंतुक डबी मात्र धरून बसावं लागतं!