भाकरीला चिरा का पडतात?

डब्याच्या तळाशी उरलेले ज्वारीचे पीठ जुने झाले, की भाकरी थापताना चिरा पडतात. ‘पिठाची विरी गेली,’ असे पाचोऱ्याकडची आई म्हणते. पण ती पीठ टाकून देत नाही. पाण्याला आधण आणते. असे का?

गव्हाचे पीठ पाण्यात मळले की ग्लुटेन हे चिवट प्रथिन तयार होते. ज्वारीत ते नसते. मात्र साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ज्वारीतील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि पीठ बांधून धरतात.

दुसरा उपाय खानदेशी कळण्याचा. ज्वारीत उडीद मिसळून दळले की कळणा होतो. उडदाचा बुळबुळीतपणा पीठ जुळवतो. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी, ते उडीद देतो. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. दूध-अंडी परवडत नाहीत अशा घरी ही भाकरी म्हणूनच मोलाची.

करून पाहा : जुन्या पिठाचे तीन गोळे करा. एक गार पाण्यात मळा, दुसरा कढत पाणी चमच्याने कालवून, तिसरा थोडे उडदाचे पीठ घालून गार पाण्यात. थापल्यावर कोणाच्या कडा कमी फाटतात? कारणासह वहीत नोंदवा.