दोन नियमांचा पट

साताऱ्याला शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबा देशी बुद्धिबळ खेळायचे. प्यादं एका वेळी एकच घर चाले. पलीकडे पोचलं की ज्याच्या घरात पोचेल ते मोहरं होई. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, सरसकट वजीर नाही. शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. समोर नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. मी शाळेतून किल्लेकोट शिकून आलो तेव्हा ते चिडले, ‘एका चालीत दोन मोहरी? हा कसला न्याय?’ पुढे कळलं, की मीर सुलतान खानही आधी घरच्या देशी नियमांनीच खेळायला शिकला होता, आणि 1929, 1932 व 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. आजोबांचा राग मला तेव्हापासून खूपच जवळचा वाटतो.

सांगलीचं वळण वेगळं. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने गावाला एक कायमचा पट मांडून दिला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या, 1991 च्या आशियाई विजेत्या भाग्यश्री ठिपसे (माहेरच्या साठे) त्यांच्या हाताखाली शिकल्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे तर सांगलीच्याच. ही नावं सगळे सांगतात. मला मात्र मे महिन्याच्या सुट्टीतल्या स्पर्धा आठवतात. मुलीला घेऊन पहाटेच्या एसटीने कराडमार्गे सांगली गाठायची. ‘भिंतीवर पेअरिंग लागलं!’ म्हटलं की पोरं धावायची, एखाद्याला बाय मिळाला तर तो हिरमुसायचा. आत डाव रंगले की बाहेर सावलीत सतरंजीवर आयांचे डबे उघडत. कुणीतरी पिशवीतून रेक्झिनचा गुंडाळीचा पट काढी आणि पालकच खेळायला बसत. हरलेलं लेकरू रडत बाहेर येई, आणि आईलाही हरताना पाहून पाच मिनिटांत हसू लागे.

असं सगळीकडे घडत नसे. एका स्पर्धेत, गाव सांगत नाही, सात-आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी दंडाला धरून ओढत नेलेलं मी पाहिलं. त्याने वजीर फुकट घालवला होता. एवढंच. परतीच्या एसटीत मुलगी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, ‘बाबा, त्याला कुणीतरी घरी खेळायला बोलवायला हवं.’

त्याच वर्षी गणपतीत आमच्या गल्लीत जोडीची स्पर्धा ठेवली. एक मोठं, एक लहान. दोघांनी आळीपाळीने चाल करायची आणि तोंडाला कुलूप. जोडीदाराच्या मनात काय आहे ते पटावरून ओळखायचं. नातवाने घोड्याची कैची लावायला दोन चाली जुळवल्या होत्या. आजीने नेमका तोच घोडा प्रेमाने माघारी आणला. सगळी गल्ली लोटपोट. नातू डोक्याला हात लावून बसला, पण कुलूप काही काढलं नाही. नियम इतके काटेकोर पाळलेले मी मोठ्या स्पर्धेतही क्वचित पाहिले.

कोरोनात 2020 साली पट मोबाइलमध्ये गेला. मुलं रात्री उशिरापर्यंत अनोळखी लोकांशी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळू लागली. हात चलाख झाले, हे खरं. पण स्क्रीनपलीकडचा माणूस हरल्यावर त्याला लाडू देता येत नाही. म्हणून मांडव परत उभा राहिला तेव्हा आम्ही बक्षिसांआधी सतरंज्यांचा हिशेब केला.

2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि त्या गणपतीत नावं द्यायला मुलींची रांग लागली. प्रत्येकीला दिव्या व्हायचं होतं. होऊ देत की! फक्त जोडीला आजी-आजोबा, काका-मावशी कुणीतरी हवं, हा आमचा नियम आम्ही सोडला नाही.

रांगेत एक चौथीतली मुलगी होती. जोडीला तिचे पणजोबा, नव्वदीकडे झुकलेले, काठी टेकत आलेले. नाव लिहून झाल्यावर तिने मला विचारलं, ‘काका, आमचा राजा एकदा अडीच घरं उडाला तर चालेल? पणजोबांना तसंच येतं.’

मी चालेल म्हणालो. पहिल्या फेरीत समोरच्या जोडीनेही तीच सवलत मागितली.