काचपेटीतील पाण्याचा सामू आणि मासे

पाणवनस्पती लावलेल्या काचपेटीत नव्याने सोडलेले मासे दगावले की दोष बहुधा खाद्यास किंवा विक्रेत्यास दिला जातो. पुष्कळदा तो पाण्याचा असतो.

पुणे शहरास मुख्यतः खडकवासला धरणसाखळीचे पाणी मिळते. सह्याद्रीवरील पाऊस काळ्या कातळावरून वाहून जलाशयात येतो. खडकाशी सहवास अल्प असल्याने त्यात क्षार थोडेच असतात. विंधन विहिरीचे पाणी मात्र खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले असल्यामुळे जड असते. साबणाचा फेस व डाळ शिजण्यास लागणारा वेळ यांवरून गृहिणी हा भेद नेमका ओळखतात.

माती परीक्षणामुळे सामू हा शब्द शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. वनस्पती दिवसा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, तेव्हा सामू चढतो. रात्री श्वसनामुळे तो वायू साठून सामू उतरतो. पाण्यातील बायकार्बोनेट या चढउतारास आवर घालतात. धरणाच्या पाण्यात त्यांचा साठा तुटपुंजा असल्याने हेलकावा मोठा. विहिरीच्या पाण्यात तो लहान, परंतु सामू मुळातच अधिक. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला बायकार्बोनेटांतूनही कर्ब मिळवितात, आणि मग त्यांच्या पानांवर चुन्याचा पांढरा थर बसतो. तो रोग समजून औषध ओतू नये.

खरे संकट अमोनियाचे. मासे तो कल्ल्यांवाटे सोडतात. कुजणाऱ्या खाद्यातूनही तो निघतो. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असता त्यातील विषारी अंश शेकडा सुमारे अर्धाच असतो, ८ असता सुमारे पाच, तर ९ असता एकतृतीयांशाहून अधिक. उन्हाळ्यात नळ आटला म्हणून पेटीचे सर्व पाणी टँकरच्या जड पाण्याने एकदम बदलले, तर गाळात व वाळूत साठलेला निरुपद्रवी अंश काही वेळातच विष बनतो. स्वच्छ पाण्यात मासे मरावेत याचे नवल वाटते ते यामुळेच.

शेतात टाकलेल्या अमोनियम सल्फेटचे नायट्रेट करणारे जीवाणू विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे केले. त्यांचेच भाईबंद पेटीतील वाळूत व गाळणीत वस्ती करतात. मात्र ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी मोजके ठेवावेत. गाळणी नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरिनने हे जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच ती खळबळावी.

आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे. नवे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे. घाई असल्यास छायाचित्रकारांचा हायपो किंचित घालावा. पाण्याचा उगम बदलल्यास तीन दिवस पहाटे व दुपारी चारला सामू मोजावा, आणि नवे पाणी थोडे थोडे, कित्येक दिवसांत मिसळावे.