ड्रममधलं झाड रोज किती पाणी पितं?

(गच्चीवरच्या बागेविषयी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



दोन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकूंनी मला सरळच विचारलं, "आम्ही टँकरचे पैसे भरायचे आणि तुम्ही वर झाडांना बादल्या ओतायच्या?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. गच्चीवर माझे १२ अर्धे ड्रम आहेत. लिंबू, डाळिंब, शेवगा, कढीपत्ता वगैरे. प्रत्येकाला रोज एक बादली, म्हणजे १५ लिटर. एकूण १८० लिटर रोज! यातलं झाडं किती पितात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आज ते मोजून बघू.

कृषी हवामान केंद्रावर एक उघडं पसरट भांडं ठेवलेलं असतं. त्यातलं पाणी रोज किती मिलिमीटरने उतरलं ते मोजतात. पुण्याकडे भर उन्हाळ्यात हा आकडा आठ-दहापर्यंत जातो. आता हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. माझ्या लिंबाचा घेर एक मीटर व्यासाचा, म्हणजे त्याची सावली साधारण पाऊण चौरस मीटर. झाडातून उडणारं पाणी भांड्यातल्यापेक्षा थोडं कमी असतं, ते दोन-तृतीयांश धरू. उत्तर येतं चार ते पाच लिटर. गच्चीवर वारा असतो, म्हणून पाच धरा. मी घालत होतो १५. मग उरलेले दहा लिटर कुठे जात होते? खालच्या भोकातून, आणि जाताना खतही धुऊन नेत होते.

आता दुसरा आकडा. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापला की १०० लिटरची कुंडी होते, त्यात माती-खताचं मिश्रण बसतं ९० लिटरच्या आसपास. चांगल्या, सेंद्रिय मिश्रणात त्याच्या पाचवा ते चौथा हिस्सा पाणी झाडाला ओढता येईल असं साठतं. म्हणजे साधारण २० लिटर. रोजचा खर्च पाच. याचा अर्थ मुळं ड्रमभर पसरलेल्या झाडाला मे महिन्यातही तिसऱ्या दिवशी पाणी दिलं तरी चालतं. दहा इंची कुंडीत हा साठा दीड-दोन लिटरचाच असतो, तिला रोज पाणी लागतं. आपण लहान कुंडीची सवय मोठ्या ड्रमला लावतो, घोटाळा तिथे होतो.

पाणी जास्त झालं तर बिघडलं काय, असं वाटेल. माझं पहिलं लिंबू असंच गेलं. पानं पिवळी पडली, माना टाकल्या. मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी पाणी घातलं. उपटून पाहिलं तर खालची मुळं काळी, कुजलेली.

हे का होतं? घरी एक प्रयोग करा. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल! पण खालची कड तरीही ओलीच राहील. कुंडीचंही तसंच. तळाशी काही इंचांचा थर निथळून झाल्यावरही चिंब असतो. पुष्कळजण निचऱ्यासाठी तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालतात. त्याने तो चिंब थर जात नाही, फक्त वर सरकतो आणि मातीची जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बस. भोकं मात्र पाच-सहा हवीत.

याच्या उलटही घडतं. कोकोपीट किंवा माती अगदी कोरडी झाली की ती आक्रसते, कडेने फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली येतं. आपण खुश होतो, "खालून पाणी आलं, झाड प्यालं!" आतला गड्डा कोरडाच. म्हणून आधी दोन तांबे पाणी सगळीकडे शिंपडून द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग उरलेलं हळूहळू घाला. खालून थेंब दिसला की थांबा.

पाणी द्यायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? लहान कुंडी उचलून वजनावरून कळतं, ड्रम उचलता येत नाही. कोरडी लाकडी काठी वीतभर आत खुपसून दहा मिनिटं ठेवा. ओली, माती चिकटलेली निघाली तर आज पाणी नको. वरची माती कोरडी दिसते, तिच्यावर जाऊ नका.

आता उडून जाणारं पाणी वाचवायचं. वर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, खोडापासून चार बोटं लांब. पश्चिमेचं ऊन लागणाऱ्या बाजूला गोणपाट बांधा. प्लास्टिकचा ड्रम तापला की कडेची मुळं भाजतात. ड्रम एकमेकांना चिकटून ठेवले तर एकाची सावली दुसऱ्याला मिळते. आणि पाणी सकाळी लवकर द्या.

मडक्याची युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ती सापडते. तीन-चार लिटरचं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून झाकण ठेवायचं. माती कोरडी होईल तसं पाणी झिरपतं, ओली असली की मंदावतं. झाकण विसरू नका, नाहीतर डासांची पैदास होईल. मडकं झाड लावतानाच पुरा, नंतर खणलं की मुळं तुटतात. बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजली तर घासून घ्या.

प्रश्न (श्रोत्यांतून): आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर?

त्यात क्षार एकवटलेले असतात. जमिनीत ते खाली निघून जातात, ड्रममध्ये साठत राहतात आणि पानांच्या कडा जळतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. तांदूळ धुतलेलं पाणीही चालेल.

प्रश्न: ठिबक लावलं तर कटकट मिटेल ना?

बरीचशी. ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर समोरासमोर लावले तर अर्ध्या तासात चार लिटर पडतं. पण टायमरला पाऊस पडलेला कळत नाही. काठी तेव्हाही खुपसायचीच.

त्या उन्हाळ्यात मी तिसऱ्या दिवशी १५ लिटरवर आलो. म्हणजे रोजचे सरासरी ६० लिटर. १८० चे ६०! पुढच्या मीटिंगला हिशेबाचा कागद घेऊन गेलो. काकूंनी तो नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "मला एक ड्रम कुठे मिळेल?"