तिजोरी न फोडता झालेली चोरी

चोरी झाली की आपण प्रथम कुलूप पाहतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा कुलपे मात्र शाबूत होती. मग चोर शिरला कोठून?

घडले ते असे. शनिवारी, ११ ऑगस्टला, काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी काढले गेले. भारतात, कोल्हापूर धरून काही शहरांतून, आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या 'स्विफ्ट' या संदेशव्यवस्थेतून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले.

सराफाच्या पेढीवर बसलेला माणूस रक्कम देण्यापूर्वी आत मुनिमाला विचारतो, "याची शिल्लक आहे ना?" एटीएमही असेच विचारते. हा प्रश्न नेणारा व उत्तर आणणारा संगणक म्हणजे स्विच. चोरांनी मधल्या वाटेवर आपला बनावट स्विच बसवला. प्रश्न मुनिमापर्यंत गेलाच नाही. "द्या" असे उत्तर परस्पर आले. म्हणूनच खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. गेला तो पैसा बँकेचा.

इथवर पुरावा, यापुढे तर्क. इतिहासाचार्य राजवाड्यांचा वारसा सांगणाऱ्या धुळ्यात हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. बनावट स्विच बसवायचा तर आतील संगणकांवर आधीच ताबा हवा. २८ देशांत एकाच दिवशी माणसे उभी करायची तर पूर्वतयारी हवी. शिवाय तो दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर पडलेल्या दरोड्याचा आरोपही तिकडच्याच टोळीवर आहे. त्या वेळी नोकरीच्या अर्जाचे सोंग घेतलेली ई-पत्रे बँकेत धाडली गेली होती. तेव्हा इथेही असेच एखादे साधे दिसणारे पत्र कोणी उघडले असावे, हा तर्क सर्वांत सयुक्तिक वाटतो. यंत्रांची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या वाटेने शिरकाव झाला असणेही अशक्य नाही. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिली. पण ते पैसे काढणारे हात होते, योजना आखणारे डोके नव्हे.

याचा आपल्याशी संबंध काय? ठेव अडकली की घरातले लग्न, औषधपाणी सारे अडते, हे जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांच्या पडझडीत सोसले आहे. सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालक असतो. तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. सुट्टीच्या दिवशी संगणकांवर पहारा कोणाचा? अनोळखी पत्र उघडण्यापूर्वी पडताळण्याची रीत आहे काय? रक्कम अवाजवी वेगाने जाऊ लागली तर व्यवहार आपोआप थांबतो काय?

लोखंडी दाराची मजबुती आपल्या वाडवडिलांनी पारखली. या न दिसणाऱ्या दाराची पारख आता आपल्याकडे आली आहे.