लंडनचे वार्तापत्र : पावतीपुस्तक आणि अर्ज

वाईत कृष्णामाईचा उत्सव आळीआळीच्या वर्गणीवर उभा राहतो. आसपासच्या गावांत जत्रेला तमाशा आणायचा तर सुपारी गावकीच देते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या पोरांना जमाखर्च वेगळा शिकवावा लागत नाही. मांडववाला किती घेईल, स्पीकर कुणाकडून उधार मिळेल, सगळं तोंडपाठ असतं.

इंग्लंडमध्ये याच वयाची पोरं नाटक किंवा नाच बसवायचा म्हटलं की अर्ज भरायला बसतात. बहुतेक वेळा त्या अर्जामागचा पैसा लॉटरीचा असतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये इथं राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. तिकीटविक्रीतला ठरावीक वाटा सत्कार्यांसाठी बाजूला निघतो आणि त्या वाट्यातले २० टक्के कलांना जातात. कोपऱ्यावरच्या दुकानात नशीब अजमावणाऱ्या माणसाला पत्ताही नसतो, की त्याच्या हुकलेल्या आकड्यांवर कुठंतरी एखादी तालीम चालली आहे. वर्गणीच ही, फक्त देणाऱ्याच्या नावाची पावती फाटत नाही.

हे पैसे वाटण्याचं काम आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे आहे. मूळ कौन्सिल १९४६ मधलं, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून आलेलं. सरकारनं पैसा द्यावा, पण तो कोणत्या नाटकाला मिळावा हे मंत्र्यानं ठरवू नये, असं त्यामागचं तत्त्व. त्याला इथं ‘हातभर अंतर’ म्हणतात. ते अंतर कधी हातभर असतं, कधी वीतभर. तरीही मंत्र्याचं शिफारसपत्र जोडायला अर्जात जागा नाही, हे आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येतं.

प्रकल्पांसाठी १,००० पासून १,००,००० पौंडांपर्यंत मागता येतात. काय करणार, कोण करणार, पाहायला कोण येणार, खर्च किती, हे अर्जात सांगायचं. जमा आणि खर्च पौंडाला पौंड जुळले पाहिजेत. साधारणपणे १० टक्के रक्कम दुसरीकडून आणावी लागते, पण कुणी फुकट दिलेला हॉल किंवा उसने मिळालेले दिवेही किंमत लावून जमेला धरता येतात. गणेश मंडळाच्या खजिनदाराला हे वाचून हसूच येईल. त्याची निम्मी जमा अशीच असते, तो ती लिहून ठेवत नाही एवढंच. खरा फरक आहे तो कलाकाराच्या मानधनाचा. इथं ते अंदाजपत्रकात दाखवावंच लागतं. ‘पोरं हौसेनं करतील’ हे वाक्य इथं उलट अंगावर येतं. अर्जदार अठरा वर्षांचा हवा आणि लहान मुलं सहभागी असतील तर त्यांच्या सुरक्षिततेची लेखी व्यवस्था हवी.

अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण संगीतकारांसाठी ‘यूथ म्युझिक’ ही संस्था वेगळी, छोटी अनुदानं देते. तिचाही मोठा आधार लॉटरीच.

अनुदानाचा पैसा इथल्या आशियाई आणि कॅरिबियन वस्त्यांपर्यंत आपोआप पोचला नाही. १९७६ मध्ये, वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला त्याच वर्षी, लंडनमध्ये नसीम खान यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या नजरेआड राहिलेल्या कला हाच त्याचा विषय आणि जवळजवळ तेच शीर्षक. भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन वस्त्यांत नाच-गाणं-नाटक भरपूर चाललं होतं. अनुदान देणाऱ्यांच्या लेखी मात्र तो परक्या लोकांचा घरगुती विरंगुळा होता.

त्याच वर्षीच्या ४ जूनला साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा गोऱ्या पोरांनी खून केला. त्या संतापातून जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये ‘तारा आर्ट्स’ काढलं. वर्मा टांझानियात जन्मलेले, नैरोबीत वाढलेले, किशोरवयात ब्रिटनला आलेले. मोर्च्याच्या जोडीला नाटक, असा तो मार्ग. पहिला प्रयोग रवींद्रनाथांच्या नाटकाचा झाला. पुढं दक्षिण लंडनमध्ये या संस्थेचं स्वतःचं नाट्यगृह झालं.

१९८९ मध्ये सुधा भुच्चर आणि क्रिस्टीन लँडन-स्मिथ यांनी ‘तमाशा’ नावाची नाटक कंपनी काढली. नावावर जाऊन ढोलकी शोधू नये, इथला तमाशा हा हिंदी-पंजाबीतला गलबला आहे. पण या कंपनीचं पहिलं नाटक मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ कादंबरीवर होतं, म्हणजे ज्या समाजांनी मराठी तमाशा जगवला त्यांच्या दुखण्याशी नातं जुळलंच. १९९६ चं गाजलेलं ‘ईस्ट इज ईस्ट’ही याच कंपनीच्या सहभागातून रंगभूमीवर आलं.

आज कौन्सिल अर्जदारांकडे वंश, अपंगत्व आणि अलीकडे वर्ग या नजरेनंही पाहतं. जात मात्र त्यात नाही. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची वाट ठेवली होती. २०१८ मध्ये सरकारनं तसा कायदा करणार नसल्याचं जाहीर केलं. त्यामुळे इथला दलित तरुण अर्जात फक्त ‘आशियाई’ उरतो.

लंडनमधले मराठी लोक या रांगेत फारसे दिसत नाहीत. न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं १९३२ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला स्वतःच्या वास्तूत नांदतं आहे, गणपती आणि नाटकं होतात, पण सवय सभासदांच्या खिशाची. त्यात स्वाभिमान आहे हे खरं. वर्गणीवर जे होतं ते वर्गणी देणाऱ्यांच्या पसंतीचं होतं, हेही खरंच. अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांना न आवडणारं काही करायचं असेल तर तिला दुसरा पैसा लागतो.

अर्जपद्धतीतही खोट आहे. ज्याला झोकदार इंग्रजी लिहिता येतं तो पुढं जातो, ज्याच्या अंगात कला आहे तो कधीकधी पहिल्याच पानावर अडतो. अर्ज लिहून देणारे व्यावसायिकही इथं मिळतात. कौन्सिल अपंग अर्जदारांना अर्ज भरण्यासाठी मदतनिसाचा खर्च देतं, एवढी सोय चांगली.

वाई-पाचवडच्या तरुणांना अशा पैशासाठी लंडन गाठायला नको. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. लोककलाही त्यात बसतात. बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे प्रस्ताव मराठीतही पाठवता येतो.